हॅटफील्ड की ब्लेनिम?

व्हिक्टोरियन काळातला बडा उमराव राजकारणी घरात कसा वावरायचा, हे पाहायला लंडनहून एकच दिवस मोकळा असेल, तर लॉर्ड सॉल्सबरींचं हॅटफील्ड हाउस गाठावं की लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल यांचं ब्लेनिम? दोघे एकाच हुजूर पक्षाचे, दोघेही भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात भारताचा कारभार पाहणारे मंत्री, राहिलेले. माझं मत हॅटफील्डला.

ब्लेनिम डोळे दिपवतं, यात वाद नाही. पण रँडॉल्फ मार्लबरोच्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. वाडा त्यांच्या नावावर कधी झालाच नाही. १८७३ मध्ये अमेरिकन जेनी जेरोमशी ओळख झाली आणि तीन दिवसांत लग्न ठरलं. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा, पुढे पंतप्रधान झालेल्या विन्स्टनचा जन्म ब्लेनिममध्येच झाला. लोकांची गर्दी असते ती त्या खोलीसाठी. रँडॉल्फ १८८६ मध्ये अर्थमंत्री झाले आणि पाच महिन्यांच्या आत राजीनामा देऊन बसले. तेव्हा पंतप्रधान असलेल्या सॉल्सबरींनी तो स्वीकारला, तिथेच कारकीर्द आटोपली.

सॉल्सबरी मात्र हॅटफील्डमध्येच जन्मले आणि १९०३ मध्ये तिथेच वारले. मधल्या काळात तीनदा पंतप्रधान. वडिलांच्या मर्जीविरुद्ध जॉर्जिना ऑल्डरसनशी लग्न केलं, तेव्हा खर्च भागवायला नियतकालिकांत लिहावं लागलं. थोरला भाऊ गेल्यावर वारसा त्यांच्याकडे आला. त्यांना विज्ञानाचं वेड होतं. वाड्यात विजेचे दिवे फार लवकर आले. लाँग गॅलरीत छताजवळच्या तारांनी पेट घेतला, की घरची मंडळी उशा फेकून आग विझवायची आणि गप्पा पुढे चालू. त्या गप्पांत वाढलेल्यांपैकी एक मुलगा बिशप झाला, दुसऱ्या मुलाला, रॉबर्टना, १९३७ चं शांततेचं नोबेल मिळालं, मुलगी ग्वेंडोलेननं वडिलांचं चरित्र लिहिलं. भाचा आर्थर बाल्फोर तर मामांच्या पाठोपाठ पंतप्रधान झाला.

आपण मात्र तिथे नुसत्या कौतुकानं फिरू नये. भारतमंत्री असताना याच सॉल्सबरींनी भारतातल्या सनदी सेवेच्या (आयसीएस) परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. आपल्या मुलांची वाट त्यामुळे जवळजवळ बंद झाली. १८८८ मध्ये त्यांनी मुंबईच्या दादाभाई नौरोजींना भर सभेत 'काळा माणूस' म्हटलं. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेही सॉल्सबरींच्याच पक्षाचा उमेदवार पाडून.

हॅटफील्डला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून गाडीनं अर्धा तासही लागत नाही, फाटक स्टेशनसमोरच. ब्लेनिमला आधी ऑक्सफर्ड, मग बस. फक्त हॅटफील्डचा वाडा हिवाळ्यात बंद असतो. तेव्हा आलात तर ब्लेनिमलाच जा.