आराखडा उत्तम, पंखा अपुरा: शाळकरी हॉवरक्राफ्टच्या एका संचाविषयी

माझी भाची नववीत आहे. यंदाच्या गणित-विज्ञान प्रदर्शनासाठी तिने हॉवरक्राफ्टची, म्हणजे तळाखाली कोंडलेल्या हवेवर तरंगत सरकणाऱ्या यानाची, प्रतिकृती करायचे ठरवले आणि घरबसल्या मागवता येणारा एक तयार संच २,४५० रुपयांना घेतला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे आयुष्य यंत्रांजवळ गेले असल्यामुळे जुळणीच्या वेळी मला बसवून घेण्यात आले. तीन आठवडे त्या संचाशी झटापट केल्यावर, वडोदऱ्यातील जे मराठी पालक आपल्या मुलांसाठी असाच संच घेण्याच्या विचारात असतील त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकसारखाच दिसणारा हा माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो.

खोक्यात पाच मिलिमीटर जाडीच्या सनबोर्डचा कापून दिलेला ४५ गुणिले ३० सेंटिमीटरचा तळ, संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा चौकोनी पंखा, यान मागून ढकलण्यासाठी एक मोटर व पाच इंची पाती, काळ्या पॉलिथिनचा एक ताव, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, बटण, तारा आणि एक पुस्तिका एवढ्या वस्तू निघाल्या. झालर, म्हणजे तळाच्या कडेने लावायचा आणि हवा कोंडून धरणारा घेर, कापण्याचा नमुना चार कागदांवर छापलेला होता. खोक्यावर ‘पंधरा मिनिटांत तयार’ आणि ‘एक किलो वजन उचलते’ अशी दोन वाक्ये ठळक अक्षरांत आहेत. पहिले वाक्य जवळपास खरे आहे. आम्हाला चाळीस मिनिटे लागली. दुसऱ्याविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल.

जुळणी पूर्ण करून यान दिवाणखान्यातील कोटा फरशीवर ठेवले आणि बटण दाबले. पंखा गुणगुणला, झालर थोडीशी फुगली आणि यान जागचे हलले नाही. भाचीने बोटाने ढकलून पाहिले आणि म्हणाली, “मामा, हे तरंगत नाहीये, नुसतं कण्हतंय.” विक्रेत्याला कळवल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला, बॅटऱ्या बदलून पाहा असे सांगण्यात आले आणि चार दिवसांत नव्या बॅटऱ्या विनामूल्य घरी आल्या. तत्परता वाखाणण्यासारखी होती. पण नव्या बॅटऱ्यांनीही यान उठले नाही, आणि ते उठणार नाही हे तोवर आम्हाला हिशेबाने कळून चुकले होते.

हा हिशेब नववीच्या मुलाला सहज जमण्याजोगा आहे आणि पुस्तिकेत तो नाही, ही माझी पहिली तक्रार. हॉवरक्राफ्ट उचलले जाते ते तळाखाली कोंडलेल्या हवेच्या दाबाने. यानाचे वजन भागिले तळाचे क्षेत्रफळ इतका दाब त्या हवेत असला म्हणजे यान उठते. पाण्याच्या एक सेंटिमीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक ग्रॅम असतो, त्यामुळे ग्रॅमला चौरस सेंटिमीटरने भागले की उत्तर थेट पाण्याच्या उंचीत मिळते. आमच्या यानाचे स्वयंपाकघरातील काट्यावर भरलेले वजन ७१० ग्रॅम, तळ १,३५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर पाण्याइतका दाब हवा. झालरीच्या आतल्या कडेच्या आतील क्षेत्रफळच खऱ्या अर्थाने भार घेते, हे लक्षात घेतले तर गरज आणखी वाढते. पंख्याचे तोंड पूर्ण बंद करून आम्ही दाब मोजला, तेव्हा तो अडीच मिलिमीटरच्या वर गेला नाही. असे पंखे पुष्कळ हवा ढकलतात, परंतु समोर अडथळा आला की हात टेकतात. संगणकाच्या पेटीत ते गुणी ठरतात, इथे नाही.

दाब मोजण्याच्या साधनाचा उल्लेख करायलाच हवा, कारण प्रदर्शनात परीक्षक सर्वांत जास्त वेळ त्याच्यासमोर थांबले. औषधांच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणली, एका रुंद डबीत निळीचे पाणी भरले आणि नळी एका फळीवर अशी तिरकी चिकटवली की पाच सेंटिमीटर लांबीत एक सेंटिमीटर चढ यावा. उभ्या नळीत तीन-चार मिलिमीटरचा फरक डोळ्याला नीट दिसत नाही. तिरक्या नळीत तोच पाचपट होऊन सरकताना दिसतो. दोन हजारांवर किमतीच्या संचात पंचवीस रुपयांची ही नळी घालायला काय हरकत होती, असा प्रश्न पडतो.

पुढचे दोन आठवडे आम्ही संचातील एकेक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी बसवत गेलो. सनबोर्डचा तळ एकटाच ३७० ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक निघाला. त्याऐवजी दोन सेंटिमीटर जाड थर्माकोलचा ६० गुणिले ४० सेंटिमीटरचा तळ घेतला. तो मोठा असूनही त्याचे वजन ८६ ग्रॅम भरले. पंख्याच्या जागी सगडी फुंकायला वापरतात तसा, गोगलगायीच्या आकाराचा बारा व्होल्टचा ब्लोअर रावपुऱ्यातील एका जुन्या दुकानात मिळाला. तिथल्या काकांनी तो विकण्याआधी वीजपुरवठ्याला जोडून, तोंडावर तळहात धरायला लावून त्याचा जोर दाखवला. बंद तोंडाशी तो आमच्या नळीत पंधरा मिलिमीटरपेक्षा अधिक दाब दाखवतो.

नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या या संचातील सर्वांत निरुपयोगी वस्तू आहेत. घड्याळ किंवा रिमोटसारख्या किरकोळ कामासाठी त्या ठीक असतात; मोटरने एखादा अँपिअर मागितला की त्यांचा व्होल्टेज कोसळतो आणि त्या गरम होतात. आम्ही १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल, संरक्षक सर्किटसह, एकापुढे एक जोडले. प्रत्येकाचे वजन सुमारे ४५ ग्रॅम आणि तिन्ही मिळून ११.१ व्होल्ट. सेलला थेट डाक देऊ नये, होल्डर वापरावा, आणि चार्जिंग मोठ्या माणसांच्या नजरेखालीच व्हावे. नव्या यानाचे सर्व मिळून वजन ५७० ग्रॅम भरले. झालरीच्या आतील क्षेत्रफळ सुमारे १,६६० चौरस सेंटिमीटर धरले तर ३.४ मिलिमीटर दाब पुरतो, आणि तिरक्या नळीत पाणी १७ मिलिमीटर सरकले तेव्हा भाचीने वहीतील आकडा आणि नळीवरील खूण यांवर आळीपाळीने बोट ठेवले. त्या क्षणापुरता मला संचाच्या किमतीचा विसर पडला.

झालरीची कथा निराळी आहे. संचातील पॉलिथिन दुसऱ्याच दिवशी फरशीच्या कडेला अडकून फाटले, पण ज्या नमुन्यावरून ते कापायचे तो नमुना मात्र जाणत्या माणसाने काढलेला आहे: कोपऱ्यांवरच्या चुण्या, हवा आत सोडणाऱ्या छिद्रांची जागा, मधली पट्टी, सगळे विचारपूर्वक. आम्ही तोच नमुना छत्रीच्या कापडावर उतरवला. आधी ते शिवून घेतले, ती चूक ठरली. सुईच्या प्रत्येक छिद्रातून हवा फुसफुसत होती. मग शिवण उसवून कापडावर कापड फेविबॉण्डने चिकटवले आणि जुनी छिद्रे उत्तरायणात पतंग सांधायला वापरतात त्या पट्टीने बुजवली. वडोदऱ्यात ही पट्टी घरोघरी असतेच. फेविबॉण्ड थर्माकोलला लागू देऊ नये, ते थर्माकोल खाते. तिथे पांढरा फेविकॉलच वापरावा आणि तो रात्रभर वाळू द्यावा. ग्लू गनचा गोंद फार तापला तर तोही खड्डा पाडतो, हे आम्ही एक तळ गमावून शिकलो.

पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे, भाषा सोपी आहे, चित्रे स्पष्ट आहेत. शास्त्र मात्र डळमळीत आहे. यान वर उठण्याचे कारण म्हणून ती न्यूटनचा तिसरा नियम सांगून मोकळी होते आणि कोंडलेल्या हवेच्या दाबाचा उल्लेखही करत नाही. परीक्षकांनी नेमके हेच विचारले. पुस्तिकेत इतिहासही नाही, आणि हा विषय तर गोष्टीसारखा सांगता येतो: १९५० च्या दशकात ख्रिस्टोफर कॉकरेल यांनी एका डब्यात दुसरा डबा बसवून, दोहोंच्या फटीतून हवा फुंकून, ती खालच्या तराजूवर किती जोर देते ते पाहिले. त्या प्रयोगातून निघालेले एसआर.एन१ हे यान २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून कॅलेहून डोव्हरला गेले. त्या यानाला सुरुवातीला झालर नव्हती, ती नंतर आली. आमच्या गुजरातच्या किनाऱ्यावर तटरक्षक दल आजही हॉवरक्राफ्ट वापरते, कारण कच्छच्या खाड्यांतील दलदलीत जिथे होडी रुतते तिथे हे यान सरकत जाते. मुलांना इतके सांगितले तरी त्यांची नजर बदलते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. मागच्या पात्यांभोवती जाळी नाही. पाच इंची पाते बोट सहज कापू शकते आणि प्रदर्शनात लहान मुले हात घालतातच. आम्ही जुन्या टेबलफॅनची जाळी कापून बसवली.

प्रदर्शनाच्या सभागृहातही फरशी कोट्याचीच होती, आणि दोन फरशांमधल्या खाचेवर यान आले की तिथून हवा निसटून ते क्षणभर बसकण मारत असे. सकाळी लवकर जाऊन खाचांवर चिकटपट्टी लावल्यामुळे ते निभावले. बॅटरीची जागाही तिथेच पक्की केली: एक कडा हलकी राहिली तर सगळी हवा तिकडूनच पळते, म्हणून बॅटरी बोटभर इकडे-तिकडे सरकवून यान सपाट बसवले. नंतर भाचीने स्प्रिंगकाट्याने यान ओढून दाखवले: ब्लोअर बंद असताना दोनशे ग्रॅमांच्या आसपास ओढ लागे, चालू असताना काटा जेमतेम पंधरावर येई.

संचावर २,४५० आणि वर आणखी सुमारे १,१०० रुपये खर्च झाले. संचातील मागची मोटर, तिची पाती, बटण, तारा आणि झालरीचा नमुना एवढेच शेवटपर्यंत टिकले, म्हणून मी त्याला पाचांपैकी दोन गुण देईन. स्पर्धेला आठवडाच उरला असेल तर हा संच घेऊ नये. तीन आठवडे हाती असतील, घरात कोणी डाक देणारे असेल आणि मुलाला हिशेब करायची आवड असेल, तर निम्म्या किमतीत तो घेण्यासारखा आहे. पूर्ण किमतीत नाही.

झालरीचा नमुना मी जपून ठेवला आहे. ए-फोर आकाराचे ते चार कागद झेरॉक्सवर १३३ टक्के वाढवून ए-थ्रीवर काढले की ६० गुणिले ४० च्या तळाला बरोबर बसतात. दांडिया बाजारात आम्हाला त्याचे चाळीस रुपये पडले.