कॅलिपर काढून घोडीवर : आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा, सकाळी सातला, बडोद्याबाहेरच्या एका तबेल्यावर दिव्यांगांच्या घोडेस्वारीच्या क्लासला जातोय. तबेल्याचं नाव देत नाही, कारण तक्रारीही करायच्या आहेत. माझं वय 52. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय लुळा पडला, तेव्हापासून मांडीपर्यंतचं कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट. क्लासला बाकी सगळी मुलं, बहुतेक सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसलेली. 2011 नंतर देशात वाइल्ड पोलिओची, म्हणजे नैसर्गिक विषाणूने होणाऱ्या पोलिओची, केसच नाही. 'आमचं मॉडेल बंद झालं' असं मी त्या मुलांच्या आयांना सांगतो, तेव्हा हसावं की नाही ते त्यांना कळत नाही.

आधीच सांगून टाकतो, पाय सुधारत नाही. पोलिओत स्नायूंना हुकूम देणाऱ्या कण्यातल्या पेशीच मरतात, घोड्यावर बसून त्या परत येत नाहीत. माझी पोटरी होती तेवढीच आहे. 'चमत्कार' वगैरे कोणी म्हणालं तर फी भरू नका.

मग जातो कशाला? घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत अशी हलते, जवळजवळ चालणाऱ्या माणसासारखी. मी एरवी चालतो ते डावा हात मांडीवर दाबून, गुडघा मागे ढकलत, अंग उजवीकडे टाकत. माझ्या सगळ्या पँटी डाव्या मांडीवर तळव्याएवढ्या झिजतात. दांडिया बाजारातला आमचा शिंपी आता न सांगताच आतून अस्तर लावतो. घोडीवर मात्र दोन्ही बाजू सारख्या चालल्या. पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी उतरलो तर पाठ दुखत होती, पण भलत्याच जागी. जिथे आयुष्यात कधी काम पडलं नव्हतं, तिथे. आता उजवीकडची जुनी चमक बरीच कमी आहे आणि खुर्चीत बसताना मी टेबल धरत नाही. एवढाच फायदा, पण तो खरा आहे.

सुरुवातीला शिकवणाऱ्या सरांना विचारलं होतं, टाच मारायला पायच नाही तर घोडी ऐकेल कशी? ते म्हणाले, लिस हार्टेलचं नाव ऐकलंय का काका? डेन्मार्कची ही बाई, 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली ताकद नाही, घोड्यावर चढायला मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्य, 1956 ला पुन्हा. तिचं सगळं काम बैठकीवर आणि वजनावर. मी पदकबिदक घेणार नाही, पण बैठक जरा मागे दाबली की घोडी थांबते, हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी घरी येताना काळ्या घोड्याच्या चौकात स्कूटर बाजूला घेऊन घोड्यावरच्या सयाजीराव महाराजांच्या पुतळ्याची बैठक बघत बसलो होतो.

घोडी बदलून घ्यावी लागली. पहिली इतकी रुंद पाठीची की जांघेत कळ यायची. आताची काठेवाडी, अंगाने सडपातळ, वय झालेली म्हणून शांत. कानांची टोकं एकमेकांना टेकतात. मी बोललो की त्यातला एक कान मागे फिरतो. कॅलिपर काढूनच बसायचं, नाहीतर पट्ट्या तिच्या बरगड्यांना रुततात. डावी रिकीब, म्हणजे पाय अडकवायची कडी, बाहेरून रबराची आहे, पडलो तर रबर सुटून पाय मोकळा होतो. एक जण दोरी धरून पुढे, दोन जण दोन्ही बाजूंना. पुढच्याला मी मोतद्दार म्हणतो. घोडा सांभाळणाऱ्यासाठी आजोबांच्या तोंडचा शब्द, त्याला फार आवडला.

आता तक्रारी. पहिले दोन महिने चढायला ओटाच नव्हता. चार जण पोत्यासारखं उचलून ठेवायचे. ओटा बांधला तो वीतभर कमी उंचीचा. पावसात रिंगण चिखलाचं, सहा क्लास बुडाले, पैसे परत नाहीत. आणि बाजूला चालणारी पोरं मोबाइलमध्ये. हे मी तीनदा सांगितलं.

चौथ्यांदा सांगावं लागलं नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कटलेला पतंग थेट रिंगणात उतरला. घोडी उजवीकडे उडी मारून सरकली. माझा हात सवयीने मांडीवर गेला, तिथे दाबायला काही नव्हतं, मी डावीकडे घसरलो. बाजूच्या मुलाने कमरेचा पट्टा धरला म्हणून वाचलो. पोलिओच्या पायाची हाडं आधीच ठिसूळ, पडलो असतो तर हाड मोडायला वेळ लागला नसता. त्या दिवसापासून हात आयाळीत ठेवायला शिकलो, आणि मोबाइल ऑफिसात जमा होतात.

जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आधी घ्या. डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या मानेचे मणके सैल असू शकतात, ते तपासल्याशिवाय घोड्यावर बसवू नका. पोलिओवाल्यांनी हौस आवरावी. मी एका आठवड्यात तीनदा गेलो आणि दोन दिवस अंथरुणात काढले. अर्धा तास पुरे.

पुढच्या महिन्यात दोरी सोडू म्हणतात. फी भरून आलोय. बायकोने फक्त विचारलं, "अहो, आणि पुढच्या संक्रांतीला?" संक्रांतीला मी सुट्टी घेणार आहे.