सीटीईचं नेतृत्व: डिस्ट्रिक्टमध्ये, कॉलेजात की मधल्या खुर्चीत?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये वेल्डिंग, नेटवर्किंग किंवा आरोग्यसेवेचे कोर्स शिकवणाऱ्या शिक्षकाला काही वर्षांनी एक प्रश्न पडतोच: वर्गातच राहायचं, की कार्यक्रम चालवणाऱ्यांत जायचं? जायचं ठरलं की पुढचा पेच सुरू होतो. शाळा आणि कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं स्थानिक सरकारी कॉलेज) यांना जोडणाऱ्या करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनच्या, म्हणजे सीटीईच्या, जबाबदारीच्या जागा तीन ठिकाणी निघतात. एक, स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, सीटीई डायरेक्टर. दोन, कॉलेजातला डीन किंवा ड्युअल एनरोलमेंटचा, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेण्याच्या सोयीचा, डायरेक्टर. तीन, दोघांच्या मध्ये बसणारा कन्सॉर्शियमचा, म्हणजे अनेक संस्थांच्या सामायिक गटाचा, कोऑर्डिनेटर. जाहिरातींत तिन्ही कामं सारखीच दिसतात: भागीदारी वाढवा, उद्योगांशी बोला, विद्यार्थ्यांना पुढची वाट दाखवा. प्रत्यक्षात तिघांच्या हातात फार वेगळ्या गोष्टी असतात.

पगार आणि पदनाम नंतर बघा. आधी तीन गोष्टी तपासा: वेळापत्रक कोण बदलू शकतं, कॉलेजचा कोर्स शिकवायला कोण पात्र हे कोण ठरवतं, आणि कोर्सचं क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कोण चढवतं. ही जोडणी निखळते ती या तीन सांध्यांवरच.

पैशाचं गणित तिन्ही जागांना लागू आहे, म्हणून ते आधी उरकतो. केंद्राचा मुख्य निधी पर्किन्स कायद्यातून येतो. मूळ कायदा 1984 चा. सध्याची पाचवी आवृत्ती 2018 मध्ये मंजूर झाली आणि जुलै 2019 पासून लागू आहे. राज्याला मिळालेल्या रकमेतला किमान 85 टक्के भाग स्थानिक पातळीवर पोचवावा लागतो, पण त्यातलं शाळांना किती आणि कॉलेजांना किती, हे राज्य ठरवतं. राज्याने वेगळं सूत्र मंजूर करून घेतलं नसेल, तर शाळांच्या वाट्यातली 70 टक्के रक्कम 5 ते 17 वयोगटातल्या गरीब मुलांच्या प्रमाणात आणि 30 टक्के त्या वयोगटाच्या एकूण संख्येनुसार वाटली जाते. कॉलेजांचा वाटा मुख्यतः पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारी मदत) घेणाऱ्या विद्यार्थ्यांवरून ठरतो. म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या मापांनी पैसे येतात आणि दोघांना हिशेबही वेगळे द्यावे लागतात.

मोजदादही तशीच. शाळेत एकाच कार्यक्रमातले किमान दोन कोर्स पूर्ण करणारा विद्यार्थी 'कॉन्सन्ट्रेटर' म्हणून मोजला जातो. कॉलेजात त्यासाठी 12 क्रेडिट लागतात, किंवा कार्यक्रमच त्याहून छोटा असेल तर तो पुरा करावा लागतो. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात गळालेला मुलगा शाळेच्या ग्रॅज्युएशनच्या आकड्यात यशस्वी म्हणून जमा होतो, आणि कॉलेजच्या आकड्यात तो आलेलाच नसतो. माझ्या मते या क्षेत्रातलं खरं नेतृत्व त्या एका मुलाची जबाबदारी कोण घेतं यावरून ओळखावं. पदाच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

डिस्ट्रिक्टचा डायरेक्टर

या जागेचं मोठं सुख म्हणजे मुलं आणि कार्यशाळा जवळ असतात. यंत्रसामग्री कोणती घ्यायची, कुठला कार्यक्रम बंद करायचा, नवा शिक्षक उद्योगातून आणायचा का, यात तुमच्या शब्दाला वजन असतं. पर्किन्सनुसार दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांचं सर्वंकष मूल्यमापन करावं लागतं. त्यात पालक, उद्योग, कॉलेज या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकृत बहाणा मिळतो. हुशार डायरेक्टर हे मूल्यमापन उपचार म्हणून करत नाही. कॉलेजला नको असलेला विषय काढायला त्याचाच वापर करतो.

पण एक मर्यादा आधीच समजून घ्या. मास्टर शेड्यूल, म्हणजे शाळेचं पूर्ण वेळापत्रक, प्रिन्सिपलच्या हातात असतं आणि कोणत्या मुलाला कुठल्या वर्गात घालायचं हे बरंचसं काउन्सेलरच्या. तुम्ही सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाच्या, कार्यालयात बसता, पण घंटा तुमची नसते. वेल्डिंगच्या तिसऱ्या वर्षाला सलग दोन तास लागतात आणि नेमका त्याच वेळी शाळेतला एकुलता एक ॲडव्हान्स्ड फिजिक्सचा तास असतो. इंजिनिअरिंगकडे जाऊ शकणारी मुलं इथेच कार्यक्रमातून बाहेर पडतात. त्यात कॉलेजचं सत्र आणि शाळेचं सत्र एका दिवशी सुरू होत नाही, बसच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. डायरेक्टरचं अर्धं काम म्हणजे प्रिन्सिपल मंडळींना दर वसंतात भेटत राहणं. ज्यांना ही मनधरणी अपमानाची वाटते, त्यांनी या जागेच्या वाटेला जाऊ नये.

दोन बारीक गोष्टी. बऱ्याच राज्यांत या पदाला प्रशासनाचं लायसन्स लागतं, म्हणजे नोकरी करता करता आणखी पदव्युत्तर कोर्स. आणि पर्किन्सच्या पैशाने डिस्ट्रिक्ट आधीपासून स्वतः करत असलेला खर्च भागवता येत नाही. तो निधी वरची भर म्हणूनच वापरायचा असतो. बजेट कापलं गेलं की हा नियम वरिष्ठांना समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येते.

कॉलेजचा डीन

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा किमान एक कोर्स घेणारे विद्यार्थी 2022-23 मध्ये देशभरात सुमारे 25 लाख होते. कम्युनिटी कॉलेजांच्या एकूण पटात तर साधारण दर पाचवा विद्यार्थी हायस्कूलचा आहे. त्यामुळे ही जागा आता कोपऱ्यातली राहिलेली नाही. आणि तीन सांध्यांपैकी दोन इथेच आहेत: शिक्षकांची पात्रता आणि क्रेडिट.

पात्रतेचा प्रश्न जरा थांबून बघण्यासारखा आहे. हायर लर्निंग कमिशन ही मूळची 19 राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणारी संस्था. तिने 2015 साली स्पष्ट केलं की कॉलेजचा कोर्स शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली मास्टर्स हवी, किंवा दुसऱ्या विषयातली मास्टर्स आणि या विषयातली 18 पदव्युत्तर क्रेडिट. हायस्कूलच्या शिक्षकांसाठी याची मुदत वाढत गेली आणि 2023 मध्ये नियम सैल करून कॉलेजांना अधिक मोकळीक दिली गेली. तांत्रिक विषयांत उद्योगातला अनुभव ग्राह्य धरता येतो, म्हणून वेल्डिंगचा शिक्षक सहसा अडत नाही. अडतो तो इंग्रजीचा आणि गणिताचा. असोसिएट डिग्रीला (कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीला) हे विषय लागतातच, त्यामुळे मुलाकडे तांत्रिक क्रेडिट साचतात आणि पदवी मात्र दोन कोर्ससाठी लटकते. कॉलेजात बसून हा प्रश्न सोडवता येतो: आपला प्राध्यापक पाठवा, तास ऑनलाइन घ्या, शाळेच्या शिक्षकाला पदव्युत्तर कोर्ससाठी मदत मिळवून द्या. डिस्ट्रिक्टमधून यातलं फारच थोडं जमतं.

त्रास काय? कॉलेजच्या समित्या सावकाश चालतात, आणि अभ्यासक्रम प्राध्यापकांचा असतो, डीनचा नाही. 'ही शाळकरी मुलं आमचा दर्जा खाली आणतील' हे वाक्य तुम्हाला ऐकायला लागेल, कधी थेट, कधी आडून. शिवाय फर्पा या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच जातो, तर त्याच्या शाळेच्या नोंदींवरचा हक्क तो अठरा वर्षांचा होईपर्यंत पालकांकडे राहतो. दोन्ही संस्था आपसांत माहिती देऊ शकतात. पण पालकांना हा फरक पटवणं हे डीनच्या कार्यालयाचं रोजचं काम होऊन बसतं. आणि मुलं तुम्हाला फारशी भेटत नाहीत. कागद भेटतात.

मधली खुर्ची

कागदावर ही सगळ्यांत सुंदर जागा आहे. दोन्ही बाजूंचा माणूस, कोणाचाही नोकर नाही. मला ती सगळ्यांत धोक्याची वाटते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. 1990 च्या पर्किन्स कायद्याने टेक प्रेप आणलं: हायस्कूलची शेवटची दोन वर्षं अधिक कॉलेजची दोन वर्षं, असा सलग अभ्यासक्रम. त्यासाठी वेगळा निधी होता, गावोगाव कन्सॉर्शियम आणि कोऑर्डिनेटर होते. करार भरपूर झाले. पण अनेक करारांत क्रेडिट शाळेत मिळायचं नाही, तर राखून ठेवलं जायचं. मुलाने पुढे त्याच कॉलेजात नाव घातलं आणि स्वतःहून मागितलं, तरच ते ट्रान्सक्रिप्टवर चढायचं. कित्येकांनी कधी मागितलंच नाही. 2011 मध्ये काँग्रेसने टेक प्रेपचा स्वतंत्र निधी थांबवला आणि ज्या खुर्च्या फक्त त्यावर उभ्या होत्या, त्या आधी हलल्या.

सगळ्या मधल्या खुर्च्या मात्र अशा कच्च्या नाहीत. न्यूयॉर्क राज्यातली बोसीज ही सहकारी मंडळं 1948 पासून चालत आली आहेत. ओक्लाहोमातल्या टेक्नॉलॉजी सेंटर डिस्ट्रिक्टना स्वतःचं निवडून आलेलं मंडळ आणि मालमत्ता करातला हिस्सा असतो. तिथे मधला माणूस खरोखर मालक असतो. लहान डिस्ट्रिक्टच्या पर्किन्स कन्सॉर्शियमचं मात्र वेगळं. शाळेचा वाटा 15,000 डॉलरपेक्षा कमी भरला, तर एरवी एकत्र यावंच लागतं. कॉलेजांसाठी तीच मर्यादा 50,000 डॉलर आहे. तो पैसा सर्वांच्या सामायिक फायद्यासाठीच वापरायचा, एकट्या सदस्याच्या सोयीसाठी परत वाटायचा नाही, असा नियम आहे. सदस्यांना हे आवडत नाही, आणि नाही म्हणायचं काम कोऑर्डिनेटरचं.

कंपनीच्या बाजूने नेतृत्व करण्याचा चौथा पर्यायही दिसेल. 2011 मध्ये ब्रुकलिनमध्ये आयबीएम, न्यूयॉर्क शहराचा शिक्षण विभाग आणि सिटी युनिव्हर्सिटी यांनी पी-टेक सुरू केलं. नववीपासून जास्तीत जास्त सहा वर्षांत मोफत असोसिएट डिग्री ही त्याची कल्पना. त्यात कंपनीचा प्रतिनिधी महत्त्वाचा असतो, पण शिक्षकाला ती वाट क्वचितच खुली असते, म्हणून इथे खोलात जात नाही.

मग कुठे?

कार्यशाळेत गेल्याशिवाय चैन पडत नसेल आणि माणसांशी रोज वाटाघाट करायची ताकद असेल, तर डिस्ट्रिक्ट. मुलाच्या हातात शेवटी काय पडतं, याचीच जास्त काळजी असेल, तर कॉलेज. पहिलीच नेतृत्वाची जागा घेणाऱ्याला मी कॉलेजकडे झुकायला सांगेन, कारण क्रेडिटचे नियम आतून कळलेला माणूस पुढे डिस्ट्रिक्टमध्ये गेला तर कमी फसतो. उलट वाटेने जाणाऱ्याला ते नियम दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावे लागतात. मधली खुर्ची दुसरी किंवा तिसरी नोकरी म्हणून ठीक, तीही पगार अनुदानातून नसून कायम बजेटमधून येत असेल तर.

मुलाखतीला जाल तेव्हा शाळा-कॉलेज करार मागून घ्या आणि एकच कलम शोधा: पात्र शिक्षक ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडून गेला, तर उरलेलं सत्र कोण शिकवणार आणि त्याचे पैसे कोण देणार? उत्तरात एखाद्या पदाचं नाव असेल, तर ते पद तुम्हाला देऊ केलेलंच आहे का, ते बघा. कलमच नसेल, तर ते लिहिण्याचा अधिकार तुम्हाला मिळणार का, हे तिथेच विचारा.