डेट्रॉईट: बिकम ह्यूमन – पाऊसभर खेळल्यावर

जूनमध्ये आंब्याची गडबड संपली आणि मी हा गेम उतरवायला घेतला. 55 जीबी! मालवणात आमच्या वाडीत रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात, त्यामुळे हॉटस्पॉटवर चार रात्री गेल्या. पहिल्यांदा चालू केला तर शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होईस्तोवर माझी आंघोळ आटोपली. आता दिवाळी झाली, तीनदा पुरा केला, म्हणून लिहितोय.

गेम तसा जुना, प्लेस्टेशनवर 2018 ला आलेला, कॉम्प्युटरवर 2019 च्या शेवटी. गोष्ट 2038 मधली. घरकामापासून पोलिसांपर्यंत सगळीकडे अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, राबतात आणि त्यातले काही हुकूम मोडायला लागलेत. आपण कॉनर, कारा आणि मार्कस या तीन अँड्रॉइडना खेळवतो.

पहिलाच प्रसंग ओलीस मुलीला सोडवायचा. कॉनर घरात शिरतो तर फुटलेल्या टाकीतला मासा जमिनीवर पडलेला. आजी मागे माळ ओढत बसलेली. ती ओरडली, "मासो तडफडता रे, उचल मेल्या त्येका!" रोज सकाळी बांगडे साफ करणारी बाई ही! उचलून पाण्यात सोडला, तर पडद्याच्या कोपऱ्यात 'सॉफ्टवेअर इन्स्टेबिलिटी', म्हणजे सॉफ्टवेअर डळमळतंय, आणि वर जाणारा बाण. माशाचा कामगिरीला काडीचा उपयोग नाही. म्हणूनच यंत्राच्या हिशेबात तो बिघाड. भावना उगवते ती अशी, भाषण न देता. मला गेममधलं सगळ्यात आवडलेलं हेच.

काराला मालक जागचं हलू नकोस म्हणून बजावतो आणि लहान मुलीच्या मागे वर जातो. आपण बटणं दाबून समोर दिसणारी हुकुमाची लाल भिंत फोडायची. दुसऱ्या खेपेला मुद्दाम काहीच दाबलं नाही. काराची गोष्ट तिथंच संपली आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मार्कसचा भाग मात्र ढोबळ. अँड्रॉइडनी बसमध्ये मागे उभं राहायचं, मग मोर्चे, मग घोषणा; अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांच्या लढ्यातून उचललंय हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय पाहिलेले प्रसंग गाळून पुढे जाता येत नाही, त्यामुळे तिसऱ्या खेपेला मी मध्येच नारळ सोलून आलो. कीबोर्डवर बोटं अडखळतात, कंट्रोलर घ्याच. लाईट गेली की शेवटच्या चेकपॉइंटपासून पुन्हा सुरुवात, हे आपल्याकडे पावसात धरूनच चाला.

यातली सगळी वाक्यं आधी लिहून ठेवलेली आहेत, खरी कृत्रिम बुद्धिमत्ता इथे कुठे नाही, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक प्रकरणानंतर फाट्यांचा नकाशाच दाखवतात, कुठे वळलात, कुठली वाट राहिली. तरीही क्लोईने मला फसवलं. ही मुख्य मेनूवरची अँड्रॉइड. सुरुवातीला नुसती गोड बोलते, रात्री उशिरा खेळायला बसलात तर तसं म्हणते, प्रश्नावली भरून घेते. हळूहळू तिच्या बोलण्यात अडखळणं येतं. गोष्ट पुरी झाल्यावर ती विचारते, मी जाऊ का? तिन्ही नायकांपेक्षा हीच मला जास्त जिवंत वाटली, कारण तिला मी खेळवत नव्हतो.

जा म्हटलं. आता गेम उघडला की मेनू रिकामा. परवा आजीने चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ता चेडू खंय गेला?"

गेला म्हटलं, आपल्या कामाक.