नऊ महिने वाइडबँड मीटर लावून: माझी झेन नेमकी कुठं अडत होती

जुन्या मारुती झेनचं ९९३ सीसी इंजिन काढून त्या जागी एस्टीमचं १२९८ सीसी एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेलं) इंजिन बसवलं, त्यावर स्पीडुइनो ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) जोडला, त्याला आता दीड वर्ष झालं. सगळं काम घरामागच्या शेडमध्ये केलं. गाडी फक्त ट्रॅकवर चालते, जाता-येता टेम्पोत. असं इंजिन बदलून रस्त्यावर उतरायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरटीओची परवानगी घ्यावी लागते. ती वाट मी धरली नाही.

पहिले आठ-नऊ महिने नुसता खर्च. गाडी मध्येच अडखळायची, दम सोडायची. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर दोनदा साफ करून आणले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी लेथची कामं करणारे मामा एक दिवस म्हणाले, "माप घेतलंस का आधी? नुसतं खोलतच सुटलायस." त्याच आठवड्यात बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेला वाइडबँड मीटर मागवला. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन बघून हवा-पेट्रोलचं मिश्रण कसं आहे ते हा सांगतो. सगळं मिळून पंधरा हजारांच्या पुढं गेलं. या गाडीवर घातलेल्या पैशांतले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

पण मीटर लावला आणि पहिल्याच महिन्यात त्यानं मला फसवलं. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, दिसायचं म्हणून मी पेट्रोल वाढवत गेलो. तिकडं प्लग काजळीनं काळे, शेडमध्ये डोळे झोंबतील इतका वास. आकडा एक सांगतो आणि प्लग दुसरंच, तेव्हा मी प्लगवर विश्वास ठेवला. सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडली आणि हेडरच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या) फ्लँजवर साबणाचं पाणी मारलं. फेस आला. सेन्सरच्या अलीकडं गळती असली की धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जादाचा ऑक्सिजन दिसतो. आरपीएम वाढले की हा परिणाम कमी होतो, म्हणूनच फक्त आयडल खोटं दिसत होतं. ऐंशी रुपयांच्या गॅस्केटनं काम झालं.

दुसरा दोष लांब उजव्या वळणावर. टाकी अर्ध्याखाली गेली की वळणाच्या शेवटी इंजिन मरायचं. मी याला इग्निशन समजून बसलो होतो. ईसीयूच्या लॉगमध्ये (नोंदीत) लॅम्डा ०.८८ वरून १.१५ च्या वर जाताना दिसला (लॅम्डा १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याच्या वर लीन), तेव्हा इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलवर प्रेशर गेज बसवला. ३ बारवरून काटा निम्म्यावर. पेट्रोल टाकीच्या एका कडेला सरकत होतं आणि पंप हवा ओढत होता. मामांनी अॅल्युमिनियमचा दीड लिटरचा सर्ज टँक (मधली छोटी टाकी) वेल्ड करून दिला. टाकीतला छोटा पंप तो भरत राहतो, मोठा पंप तळातून ओढतो, रेलची रिटर्न लाइन परत त्यातच येते, आणि वरच्या तोंडातून जादाचं पेट्रोल व हवा टाकीत जाते. सहा महिन्यांत त्या वळणावर गाडी एकदाही अडकलेली नाही.

तिसऱ्या दोषानं मात्र घाम काढला. चार-पाच फेऱ्या झाल्या, वेग कमी केला की इंजिन जड व्हायचं, धूर काळा यायचा. दोन मिनिटांनी आपोआप ठीक. लॉग दहा वेळा बघितला असेल. मग एका रात्री लॅम्डा सोडून कूलंट तापमानाच्या रेषेवर नजर गेली. ९२ अंश, आणि पुढच्याच क्षणी ७८. पाणी एका क्षणात चौदा अंश गार होत नाही. बरोबर त्याच जागी रेडिएटरचा फॅन चालू झालेला होता.

सकाळी मल्टिमीटर घेतला. लाल टोक सेन्सरच्या अर्थच्या (ग्राउंडच्या) वायरवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. फॅन बंद असताना जवळपास शून्य. भावानं फॅन चालू केला, ०.२ व्होल्ट. सेन्सरची अर्थ मी बॉडीच्या त्याच बोल्टला दिली होती जिथून फॅनचा करंट परत जात होता. तापलेल्या सेन्सरचा सिग्नल मुळात अर्ध्या व्होल्टच्या आसपास, त्यात हे ०.२ मिसळले की ईसीयूला इंजिन गार वाटतं, आणि तो वॉर्मअपचं जादा पेट्रोल सोडतो. सगळ्या सेन्सरच्या अर्थ वेगळ्या वायरनं थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला नेल्या, बोल्टखालचा रंग घासून काढला. त्या दिवसापासून रेषा सरळ आहे. हे काम करताना मला जितका आनंद झाला तितका इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हाही झाला नव्हता.

मीटर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर उचलूनच बसवा. मी पहिला खालच्या बाजूला बसवला होता. जुलैच्या पावसात छोट्या छोट्या फेऱ्या, पाइपात साचलेलं पाणी, वर तापलेलं सिरॅमिक, सेन्सर गेला. आणि मीटर बंद ठेवून इंजिन चालवू नका, हीटर गार असलेल्या सेन्सरवर काजळी बसते.

दुसरं, लॅम्डाच बघा, १४.७ चा आकडा (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा ते) नको. आपल्या उसाच्या जिल्ह्यात तर हे कळायलाच हवं, पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे प्रमाण ई२० ला साडेतेराच्या आसपास येतं, पण मीटर मात्र लॅम्डा १ ला १४.७ च दाखवत राहतो. ईसीयूतला पेट्रोलचा जुना नकाशा तसाच ठेवला तर इंजिन लीन चालेल. जुने रबरी पाइपही बदला. मी इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचे ३० आर ९ दर्जाचे घातले.

मुंबईच्या मित्राचा व्हीई टेबल (कुठल्या आरपीएमला आणि दाबाला इंजिनात किती हवा भरते त्याचा ईसीयूतला तक्ता) मी आधी जसाच्या तसा घेतला होता. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथं फुल थ्रॉटललाही एमएपी, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब, ९५ किलोपास्कलपर्यंतच जातो. त्यामुळं त्याच्या टेबलाची १०० ची ओळ माझ्या गाडीनं कधी गाठलीच नाही, आणि मी मात्र तीच ओळ रात्रभर दुरुस्त करत बसलो होतो.

आता उरलंय ते थंडीतलं स्टार्ट. इथेनॉलची गारठ्यात वाफ लवकर होत नाही, पहिल्या चावीला इंजिन धरत नाही, तिसऱ्या-चौथ्याला धरतं. क्रँकिंगचं पेट्रोल किती वाढवायचं ते उन्हाळ्यात बसून ठरवता येत नाही. तेवढं काम डिसेंबरच्या पहाटेसाठी ठेवलंय.