‘क्रूझ अप्रूव्ड’ स्कूटर आणि माझी एक सही

मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. आलेला माल उतरवून घ्यायचा, चलानाशी ताडून पाहायचा, हेच काम गेली बावीस वर्षं. चलानावर शंभर नग आणि खोक्यात अठ्ठ्याण्णव निघाले तर ट्रक गेटवरून हलू देत नाही. पुरवठादार मला पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे. असा मी, वडिलांसाठी भाड्याने घेतलेली वस्तू रात्री साडेनऊ वाजता, पार्किंगमधल्या फडफडणाऱ्या ट्यूबखाली, न तपासता सही करून ताब्यात घेतली. ती सही मला १९,५०० रुपयांना पडली.

नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. वय ७६. दोन्ही गुडघे गेलेत, ऑपरेशनला तयार नाहीत. काठी टेकत कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जातात, तिथल्या कट्ट्यावर दम खातात आणि परत येतात. जानेवारी २०२५ मध्ये ताईने आम्हा चौघांचं मुंबई ते लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग केलं. व्हीलचेअरचं नाव काढलं तर नाना म्हणाले, "मला ढकलत नेणार असाल तर मी इथेच बरा. गंगेवर जाऊन बसेन." (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) म्हणून मोबिलिटी स्कूटर. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चार छोटी चाकं, वर खुर्ची, पुढे हँडल, बॅटरीवर चालते, वेग माणसाच्या चालीइतका. विकत घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात, आणि सहा दिवसांसाठी कोण घेणार? वॉकर, हॉस्पिटलचे पलंग, ऑक्सिजनची मशिनं भाड्याने देणारं शहरातलंच एक दुकान सापडलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

फोनवर माणूस इतका गोड की विचारू नका. "दादा, काकांना घेऊन चाललात, पुण्याचं काम आहे. आपली गाडी लिथियमची आहे, फोल्डिंग आहे, एका चार्जिंगला वीस किलोमीटर. आणि क्रूझ अप्रूव्ड आहे." मी विचारलं, म्हणजे काय? "जहाजाची परवानगी लागते ना. ती आपणच काढून देतो. ३,५०० रुपये." लक्षद्वीपच्या वाळूवरही जाते का, असं नानांनी मागून ओरडून विचारलं. तिकडून उत्तर, "काकांना म्हणावं, डायरेक्ट पाण्यापर्यंत!"

सात दिवसांचं भाडं ७,७०० रुपये, डिपॉझिट २०,०००, परवानगीचे ३,५०० वेगळे. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाचं नाव न येता भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं अकाउंट आहे दादा." बिल मागितलं तर म्हणे जीएसटीचे १८ टक्के वर द्यावे लागतील. दिव्यांगांच्या गाड्या विकत घेताना जीएसटी ५ टक्के लागतो, मोटर असो वा नसो, हे मला घरी परतल्यावर समजलं. पण ते सोडा. आमच्या कंपनीत कोणी बिनबिलाचा माल गेटवर आणला असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

गाडी द्यायला तो आदल्या दुपारी चारला येणार होता. आला रात्री साडेनऊला. पहाटे चारला निघायचं, बॅगा दारात, आई देवापुढे. त्याने किल्ली फिरवली, हँडलवरचे बॅटरीचे पाचही हिरवे दिवे लागले. नाना बसले, पार्किंगच्या सपाट फरशीवर एक गोल मारला, लहान मुलासारखा हॉर्न वाजवला. आईने खाली येऊन हँडलला त्र्यंबकचा लाल गंडा बांधला. त्याने पावती पुढे केली. "वस्तू चालू व उत्तम स्थितीत मिळाली", खाली बारीक अक्षरात "बॅटरी व मोटरमधील बिघाड ग्राहकाची जबाबदारी". मी सही केली. सोबत त्याने लॅमिनेट केलेलं एक इंग्रजी सर्टिफिकेट दिलं. वर जहाजाचं चित्र, खाली नांगराचा गोल शिक्का.

बॅलार्ड पिअरला टर्मिनलवर ते सर्टिफिकेट मी मोठ्या ऐटीत काढलं. काउंटरवरच्या मुलीने उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सर, हे आमचं नाहीये." कंपनीचा स्वतःचा फॉर्म असतो, त्यात गाडीची लांबी, रुंदी, वजन, बॅटरीचा प्रकार भरायचा असतो, त्याचे पैसे पडत नाहीत आणि तो बुकिंगच्या ईमेलमध्येच दिलेला होता. मी तो ईमेल पहिल्या पानापुढे वाचलाच नव्हता. सगळ्या जहाजांना चालेल असं ‘क्रूझ अप्रूव्ड’ सर्टिफिकेट नसतं. प्रत्येक कंपनी आपले नियम आपण ठरवते. ३,५०० रुपयांना मी लॅमिनेशन विकत घेतलं होतं. मुलीने वरिष्ठांशी बोलून तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला, तिचे उपकार.

मग केबिन. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात छोटा टेप असतो, स्टोअरची सवय. दार ५६ सेंटिमीटर, स्कूटर ६१. फोल्डिंग म्हणजे खुर्ची निघते, हँडल खाली पडतं. लांबी-उंची कमी होते, चाकांची रुंदी तेवढीच राहते. आडवी करून दोघांनी उचलली असती तर आत गेलीही असती, पण पन्नासेक किलोचं धूड रोज कोण उचलणार? व्हीलचेअरवाल्यांसाठी रुंद दाराच्या केबिन वेगळ्या असतात, त्या मोजक्याच असतात आणि आधी मागाव्या लागतात. बाहेर पॅसेजमध्ये ठेवू का म्हटलं तर स्टुअर्डने मान हलवली. आग लागली तर तीच पळायची वाट. त्याचं चुकलं नाही. शेवटी त्यांनी एका सामानाच्या खोलीत जागा दिली. तो टेप, बरं का, नाशिकच्या पार्किंगमध्येही माझ्या खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्कूटरवर बसून नाश्त्याला निघाले. जहाजावरचे पॅसेज लांबच लांब, आणि खाली जाड गालिचा. गालिच्यावर चाकं रुततात, मोटरला जोर लावावा लागतो. लिफ्टपर्यंत पोचेतो पाच दिव्यांचे दोन झाले. थांबलो तर परत चार. पुन्हा निघालो, एक. बॅटरी म्हातारी झाली की असंच करते: नुसती उभी असताना व्होल्टेज भरलेलं दाखवते, भार आला की कोसळते. डेकवर जाणाऱ्या दाराला तर उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. त्यावर लावलेल्या छोट्या उतारावर गाडीने एकदा गुरगुर केली आणि बंद पडली. मागे सात-आठ माणसं ताटकळलेली. नाना हँडल धरून ताठ बसून राहिले, समोर समुद्र, आणि एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बॅटरीचा डबा मी काढला. हातात घेताच कळायला हवं होतं, कळलंही, पण दीड दिवस उशिरा. सात-आठ किलोचा डबा! एवढ्या क्षमतेची लिथियम बॅटरी तीन किलोच्या आसपास भरते. वर निळं चमकदार स्टिकर, ‘लिथियम’. त्याचा एक कोपरा नखाने उचकटला. खाली दोन काळ्या बॅटऱ्या, त्यांवर छापलेलं ‘सील्ड लेड अ‍ॅसिड, १२ व्होल्ट’, आणि बाजूला कोणीतरी पांढऱ्या मार्करने लिहिलेलं ३/१९. बॅटरी बदलली की मेकॅनिक तारीख टाकतो तशी. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांची. लेड अ‍ॅसिड जहाजाला चालते, त्याबद्दल तक्रार नाही. फॉर्मवर मात्र मी माझ्या हाताने लिथियम लिहून बसलो होतो. खाली जाऊन माफी मागून दुरुस्त केलं. जहाजाच्या फोटोंपेक्षा त्या स्टिकरचे फोटो माझ्या फोनमध्ये जास्त आहेत.

लक्षद्वीपचं थोडक्यात. तिथे भोवती प्रवाळ आणि उथळ पाणी, मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. लांब उभं राहतं आणि माणसांना लहान बोटीत उतरवतात. बोट हलत असते, खलाशी दंड धरून आत घेतात. तिथे स्कूटर? तो खलाशी हसलाच. आम्ही दोघं, ही आणि मी, उतरून आलो, आई-नाना वरच थांबले. बाकीचे दिवस जहाजाच्या व्हीलचेअरवर निघाले. ढकलत मी होतो.

परत आल्यावर दुकानात गेलो तेव्हा ‘दादा’चं ‘मिस्टर’ झालं होतं. "खारी हवा लागलीय. मोटर जळली. ही आता भंगारातच घालावी लागणार, माझंच नुकसान आहे." मी फोटो दाखवले. त्याने पावती दाखवली. सही कोणाची? माझी. उत्तम स्थितीत मिळाली कोण म्हणतंय? मीच. डिपॉझिटमधले चार हजार टेबलावर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. लिथियम, वीस किलोमीटर, वाळू, जे जे तो बोलला ते सगळं फोनवर. लेखी जे होतं ते फक्त माझ्या विरोधात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी दुकानाला कळवलं, तिकडून काही उत्तर नाही. रजिस्टर्ड नोटीस "घेण्यास नकार" शेरा मारून परत आली. ते पाकीट फोडू नका, जपून ठेवा, असं एका वकील मित्राने सांगितलं. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. दुकानदाराला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अर्ज लिहिताना मात्र घाम फुटला, कारण प्रत्येक ओळीपुढे पुरावा काय, हा प्रश्न येतो.

कोणी अशी गाडी घेणार असाल तर दुकानदाराचं बोलणं तिथल्या तिथे त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिथियम, अमुक रुंदी, बरोबर ना?" तो ‘हो’ म्हणाला तरी पुरे, आणि गप्प राहिला तरी समजायचं ते समजा. केबिनच्या दाराचं माप जहाजवाल्यांकडून ईमेलने मागवा. गाडी दोन दिवस आधी घरी आणा आणि ज्याला बसायचंय त्यालाच बसवून चढावर चालवा. आमच्या सिडकोत घरामागेच चढ आहे. दहा मिनिटांत बिंग फुटलं असतं. डिलिव्हरीला उशीर होणं हा माझ्या मते योगायोग नव्हता, पण ते सिद्ध करता येणार नाही.

मागच्या महिन्यात ताईने एका जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. मोबिलिटी स्कूटर भाड्याने, नाशिक, ‘लिथियम, क्रूझ अप्रूव्ड’, डिपॉझिट आता २५,०००. निळं स्टिकर कोरं करकरीत. फोटो मोठा करून पाहिला. भंगारात गेलेल्या त्या गाडीच्या हँडलला आईने बांधलेला लाल गंडा अजून तसाच आहे. प्रिंट काढून तक्रारीला जोडली आहे.