डीएओच्या कॅप्सूल, सात महिन्यांनंतर

डीएओ म्हणजे डायअमाइन ऑक्सिडेज, अन्नातलं हिस्टामाइन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) मोडणारं एन्झाइम. त्याच्या कॅप्सूलची तिसरी डबी संपत आली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

माझं दुखणं असं: जेवल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद, नाक चोंदलेलं, डोकं ठणकतंय, कधी अंगावर पित्त उठलेलं. अ‍ॅलर्जीच्या तपासण्या कोऱ्या. चक्रावून टाकणारी गोष्ट ही की सोमवारी निमूट पचलेलं चिकन बुधवारी छळायचं. डॉक्टरांनी बाकीची कारणं तपासून हिस्टामाइन इनटॉलरन्सची, म्हणजे शरीराला अन्नातलं हिस्टामाइन नीट मोडता न येण्याची, शंका काढली. रक्तातलं डीएओ मी हौसेनं मोजून घेतलं, आकडा नॉर्मल! त्या एकट्या आकड्यावर निदान होत नाही, हे पैसे भरल्यावर कळलं.

खरी परीक्षा पथ्याची. मुरवलेलं चीज, व्हिनेगर, डबाबंद मासे, टोमॅटो, पालक, वाइन तीन आठवडे बंद. मग एकेक पदार्थ परत. टोमॅटो नडला, पालक नाही. नेटवरच्या याद्या एकमेकींशी भांडतात, त्यामुळे स्वतःची वही ठेवाच.

वहीतच चिकनचं कोडं सुटलं. सोमवारी ते ताजं असायचं, बुधवारी फ्रीजमधलं उरलेलं. जिवाणू मांस-मासळीतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं हिस्टामाइन करतात. फ्रीजमध्ये हा वेग मंदावतो, थांबत नाही. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन कितीही उकळलं तरी जात नाही. आता शिजवलेलं छोट्या डब्यांत लगेच गार करते आणि थेट फ्रीझरमध्ये टाकते. निम्मा त्रास एवढ्यानेच गेला.

मग कॅप्सूल कशाला? बाहेर जेवायचं असलं की. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं घेतली तर दहापैकी सहा-सात वेळा निभावतं. मात्र ती आतड्यातल्या अन्नापुरतीच. शरीरानं स्वतः सोडलेल्या हिस्टामाइनला ती हात लावत नाही. वाइनसोबत तर साफ फसली, कारण दारू डीएओलाच अडवते. व्हेरापामिल, मेटोक्लोप्रमाइडसारखी काही औषधंही अडवतात, तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, पण आपल्या मनानं काही बंद करू नका. शाकाहारी मंडळींनी डबीवरची बारीक अक्षरं वाचावीत: बहुतेक कॅप्सूलमधलं एन्झाइम डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेलं असतं. वाटाण्याच्या कोंबांपासून केलेली मिळते, ती मी वापरलेली नाही.

पहिली डबी रोज खाऊन दीड महिन्यात उडवली होती. ही तिसरी तीन महिने पुरली.